शेक्सपीर, रुपये १२

माझं इंग्रजीचं शिक्षण धर्मादाय खात्यावर पडलेलं आहे, हे मला वयाच्या ५९व्या वर्षी कळलं. सांगलीच्या गावभागातलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं आणि माळ्यावरच्या वह्या खाली आल्या. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, मधोमध दोऱ्यानं शिवलेल्या. २००५ आणि २०१९ असे दोन महापूर त्यांनी माळ्यावर बसून पाहिले होते. खाली कृष्णामाई उंबरा ओलांडून आली, कोनाड्यापर्यंत चढली, देवघरातल्या बाळकृष्णाला न्हाऊ घालून गेली, पण वह्यांपर्यंत तिचा हात पोचला नाही. आमचे वडील, म्हणजे अण्णा, हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. दुकानाची कीर्द-खतावणी ते दिवसा लिहीत आणि घरची रात्री; त्याच शाईनं, त्याच अक्षरात. आमचं घर हीही त्यांच्या लेखी एक पेढीच होती आणि आम्ही सगळी तिची लहानमोठी कुळं.

१९८३ची वही उघडून मी तिच्यात स्वतःला शोधू लागलो. धाकट्या भावाच्या डिप्लोमाची फी लगेच सापडली. ती 'भांडवल' खात्यावर होती आणि तिथलं अक्षर नेहमीपेक्षा जरा ठळक होतं. माझं नाव मात्र दिसेना. किराणा झाला, दूध झालं, औषधपाणी, लाइटचं बिल, आईची भिशी, गौरीचे खण, सगळं पालथं घालून झालं. शेवटी धर्मादायाच्या पानावर मी मला भेटलो. ओळीखाली ओळ अशी होती: गणपती मंदिर अभिषेक, रुपये ५. मिरज उरूस वर्गणी, रुपये २. शेक्सपीर, रुपये १२. आणि त्याखाली विश्रामबागचा बसपास. अण्णांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. जे येई ते कानानं आलेलं. मिरजेच्या मीरासाहेबांच्या शेजारात वाढलेल्या कानाला त्या नावाच्या शेवटी पीर ऐकू आला, यात कानाचा काय दोष? एक गणपती, एक दर्गा आणि एक साहेबाचा पीर, अशी ती पंगत चाळीस वर्षं त्या पानावर बिनतक्रार बसून होती.

ज्यांचा अडतीशी कधी संबंध आला नाही त्यांना सांगायला हवं. शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याच्या हातात पट्टी पडते. जुन्या काळी तीत अडत कापलेली असे, हमाली असे, तोलाई असे, आणि सगळ्यात शेवटी चार पैसे धर्मादाय म्हणून कापलेले असत. ते पांजरपोळाला जायचे, देवळाला जायचे, पाणपोईला जायचे, एखाद्या अडल्यानडल्याच्या लग्नाला जायचे. या पैशाला परतावा नसतो. त्यावर कुणी व्याज धरत नाही, तगादा लावत नाही. तो बुडला असंही कुणी म्हणत नाही, कारण तरंगावा म्हणून तो सोडलेलाच नसतो. अण्णांच्या घरच्या वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. धर्मादायाच्या पानाची उजवी बाजू भरत जायची आणि डावी बाजू वर्षानुवर्षं वैशाखातल्या आभाळासारखी एकसारखी, रिकामी. माझ्या तीन वर्षांची बेरीज मी बोटांवर केली. २,३४७ रुपये ५० पैसे. भाऊ समोरच बसला होता. पिंपरीच्या एका कारखान्यात तो बऱ्याच वरच्या जागेवर आहे, त्याच्या भांडवलाला फळं धरलेली आहेत, आणि ती आम्हीही पाहुणे म्हणून खाल्लेली आहेत. त्यानं पान वाचलं, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि शांतपणे म्हणाला, "दादा, तू पाणपोई आहेस."

हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर जरा दुखलं, खोटं कशाला सांगू. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला आयुष्यात एक प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो, की त्याच्या पत्रिकेतच तो एखाद्या ग्रहासारखा ठाण मांडून असावा. 'बरं, मग पुढे काय?' इंजिनिअरला हे कुणी विचारत नाही. बी.कॉम.लाही विचारत नाहीत. त्याचं पुढे बँक असतं, निदान बँकेची परीक्षा तरी असते. माझ्या लग्नाच्या वेळी तर मध्यस्थानं मुलीकडे 'मुलगा इंग्लिशमध्ये बी.ए. आहे' असं सांगितलं आणि तिकडे ते 'इंग्लंडमध्ये' असं पोचलं. तीन दिवस माझा भाव जो वधारला, तसा तो आधी नव्हता आणि नंतरही झाला नाही. पदवीचा कागद मी पुढे लॅमिनेट करून घेतला. तो लॅमिनेशनचा खर्च हीच त्या पदवीत झालेली शेवटची गुंतवणूक.

तसं पाहिलं तर या देशात इंग्रजीला मंदी ठाऊकच नाही. १८१३च्या कायद्यानं कंपनी सरकारनं हिंदुस्थानातल्या विद्येसाठी वर्षाला १ लाख रुपये बाजूला काढले, आणि ते कुठल्या विद्येवर खर्चायचे याचा घोळ पुढे वीस वर्षं घातला. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेसाहेबांनी आपलं टिपण लिहिलं आणि माप इंग्रजीच्या बाजूला कललं. १८४४ साली हार्डिंगसाहेबांनी इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत आधी घ्यावं असं ठरवलं आणि इंग्रजीचा भाव फुटला. १८५७ला मुंबई विद्यापीठ निघालं, १८६२ साली त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. आवक चार नगांची आणि गिऱ्हाईक अख्खा इलाखा! विद्यापीठाचा तो देखणा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद या कापसाच्या दलालाच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यानं आपल्या आईचं नाव दिलं. विद्येच्या डोक्यावरचं घड्याळसुद्धा बाजारानंच बसवलेलं आहे, हे अण्णांना कळतं तर त्यांनी एकदा मुंबईला जाऊन ते पाहिलं असतं.

पण इथे एक बारीक गोम आहे, आणि माझ्या कर्माची सगळी कथा त्या गोमेत आहे. इंग्रजी येणं ही एक जिन्नस. इंग्रजी साहित्यात पदवी असणं ही अगदी निराळी. चढ्या भावानं विकली गेली ती भाषा. काव्य, नाटक, निबंध हे सगळं दुकानदारानं माप भरून झाल्यावर खुशीनं वर टाकलेली मूठ. गंमत अशी, की ही मूठ त्यानं स्वतःच्या घरी अजून नीट चाखलेलीही नव्हती. कोलकात्याच्या हिंदू कॉलेजात १८३०च्या दशकात पोरं शेक्सपिअर घोकत होती, तेव्हा खुद्द ऑक्सफर्डात इंग्रजी साहित्याची वेगळी पदवी परीक्षा नव्हती. तिला शतकाचं शेवटचं दशक उजाडावं लागलं. लोकांनी शहाणपणानं माप घरी नेलं आणि मूठ पोराबाळांच्या हातावर ठेवली. मी एकटाच असा निघालो, की मूठ घट्ट धरून घरी आलो आणि माप दुकानातच विसरलो.

एकटाच म्हणणं तितकंसं बरोबर नाही म्हणा. वाघिणीचं दूध पिऊन वाघासारखी शिकार करायची सोडून भलतीकडेच निघून जाणारी माणसं आपल्याकडे आधीपासून आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरीला रुप्याची बेडी म्हटलं, ती तोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात शाळा काढली; शाळेचं नाव मात्र न्यू इंग्लिश स्कूल. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र तर सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा मोठमोठ्या परीक्षा देतोय, आता मोठा पगार येणार, असे मनोरे तू बांधत असशील तर बांधू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार, असा त्याचा आशय. त्या माउलीनं पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं असेल, घडी घालून कुठल्या तरी डब्यात ठेवलं असेल आणि चुलीकडे वळली असेल. आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले आणि पुढच्या वर्षी त्यांचं हॅम्लेटचं मराठी रूप, 'विकारविलसित', बाहेर आलं. परतावा म्हणून दाखवायला तुरुंग आणि हॅम्लेट! आमच्याच गावालगतच्या हरिपूरचे देवल. त्यांनी ऑथेल्लोला झुंझारराव करून मराठी रंगभूमीवर आणलं. तेव्हा मी काही फार वाईट संगतीत नव्हतो. फक्त त्यांच्या नावांचे रस्ते झाले आणि माझं नाव पाणपोई.

मी विलिंग्डन कॉलेजात शिकलो. सांगली आणि मिरजेच्या मधोमध, विश्रामबागेत, दगडी इमारत, समोर झाडी, आणि दुपारी वर्गात शिरणारा एक आळसावलेला वारा. इंग्रजीच्या स्पेशलला आम्ही अकरा जण. त्यांतले चौघे दुसरं काही मिळालं नाही म्हणून आलेले, दोघी लग्न ठरेपर्यंत आलेल्या, आणि बाकीच्यांना का आलो ते सांगता येत नव्हतं. एके काळी वि. कृ. गोकाक तिथे प्राचार्य होते. इंग्रजीचे प्राध्यापक, पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं ते कन्नडसाठी. विंदा करंदीकरांनी वर्गात इंग्रजी शिकवली, भालचंद्र नेमाड्यांनी शिकवली. मराठीला आजवर मिळालेल्या चार ज्ञानपीठांपैकी दोन या दोघांची. इंग्रजी विभागाच्या वाफ्याला पाणी घालावं आणि पीक मात्र शेजारच्या रानात यावं, असा हा काही तरी पाण्याचा पाझर आहे. आमचे सर म्हणायचे, चांगली कविता सांगत नाही, सुचवते. 'सजेस्टिव्ह' हा त्यांचा आवडता शब्द. तो उच्चारताना ते खडू हवेत धरून एक अर्धवट वर्तुळ काढत आणि ते पुरं करायचं काम आमच्यावर सोपवून खिडकीबाहेर पाहत. खिडकीबाहेर मिरजेकडे जाणारी गाडी असे. ती गेली की तास संपत आलेला असे.

घरी मी रात्री मोठ्यानं वाचायचो. अण्णा पलीकडे वही लिहीत. दोघांच्या मध्ये एकच दिवा. एकदा मिल्टनचा पाठ चालला होता. पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं, की 'पॅरडाइज लॉस्ट'चे हक्क त्यानं १६६७ साली छापणाऱ्याला ५ पौंडांना दिले आणि पहिली १,३०० पुस्तकं खपल्यावर आणखी ५ मिळणार होते. मी हे मराठीत सांगितलं. अण्णांचा टाक थांबला.

"हमाली कुणाकडे?"

"काय?"

"पाच पौंड हातात पडले की त्यातनं काही कापलं?"

मी म्हणालो, पुस्तकात तसं नाही लिहिलं. आणि मग, का कोण जाणे, सांगून टाकलं की मिल्टन तेव्हा आंधळा होता, सगळं काव्य त्यानं दुसऱ्याला सांगून उतरवून घेतलेलं. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. आंधळ्या शेतकऱ्याची पट्टी करताना दिवाणजीनं आकडा दोनदा मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो, एवढंच म्हणाले आणि पुन्हा लिहू लागले. वाङ्मयाच्या अर्थव्यवहारावर याहून नेमकं बोललेलं मी पुढे कुठल्या चर्चासत्रात ऐकलं नाही.

शेक्सपिअरशी मात्र त्यांचं गोत्र जुळलं. ते असं: रुपये १२ला घेतलेल्या त्या जुन्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत कवीचं चरित्र होतं आणि चरित्रात बाजार होता. १५९८ साली धान्याची टंचाई असताना स्ट्रॅटफर्डमध्ये कुणाकडे किती साठा आहे याची यादी झाली, आणि त्या यादीत या थोर नाटककाराच्या घरी १० क्वार्टर, म्हणजे ८० बुशेल, मॉल्ट निघालं. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. अण्णांनी मला बुशेलचं वजन पुस्तकात शोधायला लावलं आणि वहीच्या कडेला हिशेब मांडून म्हणाले, "बारा पोती. म्हणजे धंद्यातलाच माणूस." पुढे मी वाचलं, की १६०४ साली त्यानं फिलिप रॉजर्स नावाच्या औषधविक्याला असाच माल उधार दिला आणि बाकी थकली म्हणून ३५ शिलिंग १० पेन्सचा दावा लावला. अण्णा आता खुर्ची वळवून बसले होते. हॅम्लेटचं पुढे काय झालं हे त्यांनी मला कधी विचारलं नाही, पण रॉजर्सचं काय झालं हे त्यांना तिथल्या तिथे हवं होतं.

"वसुली झाली?"

"निकालाचा कागद उरलेला नाही, अण्णा."

"म्हणजे बुडीत." त्यांनी सुस्कारा सोडला. चारशे वर्षांपूर्वीच्या एका थकबाकीसाठी सांगलीत हळहळणारा तो एकटाच माणूस असावा. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता: "त्याच्याकडे ही डिग्री होती का रे, इंग्लिशची?"

नव्हती. शेक्सपिअर कुठल्याच विद्यापीठात गेला नव्हता. मी तसं सांगितलं. अण्णांनी मान हलवली. त्यांना जे वाटत होतं त्याला पुरावा मिळाला होता.

पदवीनंतरची माझी कमाई फार लांबवण्यासारखी नाही. एम.ए. केलं, दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, म्हणजे घंटा वाजली की मीटर सुरू आणि पुन्हा वाजली की बंद. सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग यांचे पैसे नाहीत. सण मला तेव्हापासून आवडेनासे झाले. मग एका हायस्कुलात लागलो आणि तिथेच निवृत्त झालो. संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेतले. त्यात येणारा प्रत्येक जण मला माप मागायला यायचा आणि मी सवयीनं मूठ पुढे करायचो. एका मुलाला मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' याचं उत्तर हवं होतं. मी त्याला कीट्सबद्दल सांगितलं. तो पुढे दुसऱ्या क्लासला गेला आणि लगेच नोकरीला लागला.

खरी कमाई नगद नव्हती. ती गल्लीत होती. कुणाची विम्याची पॉलिसी, कुणाच्या मिक्सरची माहितीपुस्तिका, कुणाच्या अमेरिकेतल्या सुनेनं पाठवलेल्या गोळ्यांच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, व्हिसाचे अर्ज, कोर्टाच्या नोटिसा. सगळं आमच्या सोप्यावर यायचं. मोबदला म्हणून वाटीभर आमटी, पायलीभर शेंगा, एकदा एक जिवंत कोंबडी, जी आईनं उंबऱ्यावरूनच परत पाठवली. दर कुठे लिहिलेला नव्हता, पण नोटिशीला शेंगा आणि व्हिसाला आंबे असा एक संकेत आपोआप पडून गेला होता. १९९७ साली तर एका दुपारी माझा भाव चक्क तेजीत गेला. हळदीनं जखम भरते, या शोधाचं पेटंट अमेरिकेत दोन वर्षांपूर्वी दिलेलं होतं. आपल्या सीएसआयआरनं त्याला हरकत घेऊन जुने ग्रंथ, जुने लेख पुराव्याला लावले आणि ते रद्द करवलं. मार्केट यार्डातल्या शेटनी इंग्रजी पेपर देऊन मला बोलावणं धाडलं. पोत्यांच्या थप्पीवर बसून मी ती बातमी ओळीओळीनं मराठीत वाचली. भोवती हमाल, तोलार, दोन शेतकरी आणि मागे, टेबलाशी, खाली मान घालून लिहिणारे अण्णा. वाचून झाल्यावर म्हातारा तोलार म्हणाला, "म्हंजे आपल्या आज्जीला आता पैसं द्यावं लागणार न्हाईत." सगळे हसले. चहा आला. त्या दिवशी अण्णांनी घरी येताना, कारण नसताना, पावशेर बासुंदी आणली.

हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीच्या पोटात खणलेले रांजणच म्हणा. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत खोली भरेल एवढी जागा. तिथली माती अशी, की त्यात भरलेली हळद वर्षानुवर्षं राहायची, ना कीड ना रंगाला धक्का. भाव यायची वाट बघत व्यापारी ती तशीच झाकून ठेवत. अण्णांनी लहानपणी मला एकदा दाखवायला नेलं होतं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, कंदील दोरीनं खाली सोडायचा, तो जळत राहिला तरच माणसानं पाय टाकायचा. तो कंदील खाली जाताना भिंतींवर पडत गेलेला पिवळा उजेड मला अजून दिसतो. हळदीचा पिवळा कुठला आणि ज्योतीचा कुठला हे कळत नव्हतं. माझी ती तीन वर्षं मी अशीच कुठे तरी पुरून ठेवलेली आहेत, भाव आला की काढू, असं मी बराच काळ स्वतःला सांगत असे. २००५च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळद गेली. तेव्हापासून ही उपमा मी वापरत नाही.

२०१८ साली, पावसाळा सरता सरता, मिरजेहून अण्णांचा रिपोर्ट आला. वय ८४. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि शब्दाला शब्द सांग म्हणाले. मी वाचू लागलो. एकेका अवयवापुढे 'अनरिमार्केबल' लिहिलेलं. आमच्या शास्त्रात कुणाच्या कवितेला असं म्हटलं, तर तो कवी महिनाभर तोंड दाखवत नाही. इथे मी तो शब्द दिसेल तिथे मनातल्या मनात नमस्कार करत होतो.

"हे काय सारखं सारखं लिहिलंय?"

"दखल घेण्यासारखं काही नाही, असं."

"मग चांगलंय की. माझ्याबद्दल सगळे तेच म्हणत आलेत."

कागद संपत आला. तळाशी 'इम्प्रेशन' असं लिहून त्याखाली एक ओळ होती. ती ओळ 'सजेस्टिव्ह ऑफ' अशी सुरू होत होती आणि पुढे तो शब्द होता. सरांचा खडू पस्तीस वर्षांनी पुन्हा हवेत उभा राहिला. ते अर्धं वर्तुळ पुरं करायचं काम माझ्यावरच आलेलं होतं.

"खाली डॉक्टरांनी सुचवलंय," मी म्हणालो, "अजून एक तपासणी करून घ्या म्हणून."

अण्णांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. ओली हळद वाळते, एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात जाते, गाडीत हलते. प्रत्येक ठिकाणी तिचं वजन थोडं थोडं उतरतं. त्याला घट म्हणतात. जाणता दिवाणजी कागदावरचं वजन वाचतानाच ती मनात धरून चालतो, आणि पन्नास वर्षं तेच केलेल्या माणसापुढे मी उभा होतो.

"घट किती धरलीस?"

"थोडी."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली. "आता पानं घ्यायला सांग."

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी पूर आला.

त्यांची शेवटची वही सगळ्यात वर होती, म्हणून मी ती सगळ्यात शेवटी उघडली. अक्षर कापरं झालं होतं, पण खाती तीच, क्रम तोच. धर्मादायाच्या पानावर उजवीकडे गणपती, उरूस, वृद्धाश्रम अशा नोंदी होत्या. आणि डावीकडे, जमेच्या बाजूला, जिथे आयुष्यभर काही लिहिलं गेलं नव्हतं, तिथे एकच ओळ होती: चि. थोरला, मिरजेचा कागद वाचून दाखविला. तारीख आहे, तपशील आहे, रकमेचा रकाना कोरा आहे. मी उरलेल्या सगळ्या वह्या पुन्हा चाळल्या. कोरा रकाना दुसरा सापडला नाही. भावाला दाखवलं. त्यानं बराच वेळ ते पान हातात धरलं आणि म्हणाला, वय झालं होतं रे दादा, आकडा घालायचा राहून गेला असेल.

राहून गेलाही असेल.